दोन भावांची अवर वाइफ

डॉक्टरांनी आईला जिना बंद केला तो महिन्याच्या एकोणतीस तारखेला. आणखी तीनच दिवस थांबून केला असता तर आई थोरल्याच्या घरात असती आणि पुढचा सगळा मनस्ताप धाकट्याच्या वाट्याला गेला असता. पण डॉक्टरांनी आईचे गुडघे पाहिले, कॅलेंडर पाहिलं नाही.

भाऊ दोघे, घरं दोन आणि मधली भिंत एक. दोन्ही घरं तिसऱ्या मजल्यावर, एकमेकांना पाठ लावून उभी. मात्र जिने वेगवेगळे. वडिलांनी घरं घेतली ती नकाशा बघून, आणि नकाशात दोन्ही घरांच्या मध्ये एक बारीक रेघ तेवढी होती. जिने कागदाच्या मागच्या बाजूला होते. त्यामुळे थोरल्याच्या स्वयंपाकघरातून धाकट्याच्या स्वयंपाकघरात जायचं तर चोपन्न पायऱ्या उतरायच्या, कचऱ्याच्या पिंपांवरून इमारतीला वळसा घालायचा आणि चोपन्न पायऱ्या चढायच्या. आई एक महिना इकडे, एक महिना तिकडे. दर एक तारखेला ती पिशवी घेऊन निघायची आणि वाटेतल्या प्रत्येक दारात बसत, प्रत्येक घरातलं आजारपण नीट समजून घेत सव्वा तासाने पोचायची. एकोणतीस तारखेला ती धाकट्याकडे होती. तिथंच राहिली.

थोरला चोपन्न वर्षांचा, पंपांच्या कारखान्यात हेड स्टोअरकीपर. सही केल्याशिवाय तिथला एक नट हलत नसे. पण आता रोज संध्याकाळी स्वतःच्या आईला भेटायला त्याला दुसऱ्याच्या दारात चपला काढाव्या लागत. धाकट्याची बायको, धाकटी, स्वभावाने चांगली, म्हणून तर जास्त लागायचं. "या भाऊजी, बसा ना," असं म्हणून ती त्याला ठेवणीतल्या कपबशीतून चहा देई. घरच्या माणसाला ठेवणीतली कपबशी देत नाहीत, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. घरी परतल्यावर आई पलीकडून भिंतीवर वाटी वाजवायची. मग हा हेड स्टोअरकीपर भिंतीला कान लावून, तुरुंगातल्या कैद्यासारखा, "जेवलो गं, जेवलो," म्हणायचा.

शेवटी धाकटाच म्हणाला, "दादा, भिंतीत दार पाडू." धाकटा दातांच्या कवळ्या बनवायचा. आयुष्यभर माणसांच्या तोंडातल्या फटी बुजवून त्याला एकदा तरी फट पाडायची इच्छा असावी.

आता दार पाडायचं म्हणजे बांधकाम परवाना कार्यालयाची परवानगी हवी. तिथले नवे साहेब बदली होऊन आलेले, त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. म्हणून अर्ज इंग्रजीत करायचा, दोन्ही मालकांनी मिळून करायचा, आणि छापील नमुना नसल्यामुळे स्वतःच्या शब्दांत करायचा.

"मी लिहितो," थोरला म्हणाला. त्याचा हक्कच होता. सव्वीस वर्षं तो माल आल्याच्या पावत्यांवर रोज इंग्रजी लिहीत होता. 'रिसीव्ह्ड इन गुड कंडिशन.' 'शॉर्ट बाय टू नट्स.' त्यात कधी चूक निघाली नव्हती. अडचण एवढीच, की त्या इंग्रजीत नट होते, बोल्ट होते, वॉशर होते; नातेवाईक नव्हते.

थोरल्याने आधी मनात चोख मराठी अर्ज तयार केला. 'आम्ही दोघे भाऊ आमच्या बायकोमुलांसह शेजारी शेजारी राहतो. ही घरे आमचे वडील यांनी घेतली. ते आता हयात नाहीत.' मग एकेका शब्दाला त्याने इंग्रजी कपडे चढवले. बायकोमुलांसह म्हणजे बायको आणि मुलं. म्हणून 'अवर वाइफ अँड चिल्ड्रन'. वडिलांपाशी मात्र पेन अडलं. वडिलांना एकवचन? 'वडील आला, वडील गेला' असं आपण बोलतो का? वडील ज्या दिवशी वारले त्या दिवशीसुद्धा कोणी 'वारला' म्हटलं नव्हतं. थोरल्याने मान राखून 'अवर फादर्स' लिहिलं आणि पुढे 'आर नो मोअर' जोडलं. मग त्याने सगळा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. धाकट्याने भिंतीपलीकडून ऐकून, "दादा, एक नंबर!" अशी पावती दिली. दोघांनी सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन्सिल. तिचं टोक रोज सकाळी काढत असाव्यात, इतकं अणकुचीदार.

"पत्नीचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

थोरल्याने सांगितलं.

"ह्या दोघांच्या ना?"

"कोणा दोघांच्या?"

"तुमच्या आणि तुमच्या भावाच्या." बाईंनी अर्ज त्याच्याकडे वळवला. "दोघे भाऊ, अवर वाइफ. म्हणजे दोघांत मिळून एक. साहेबांनी विचारलंय, रीतसर लग्न कोणाशी झालंय? त्याचा दाखला जोडा."

मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. रांगेत अशी शांतता फार क्वचित पसरते.

"अहो बाई, प्रत्येकाची वेगळी आहे!" थोरला म्हणाला. हे वाक्य आयुष्यात कधी जाहीरपणे, एवढ्या मोठ्याने म्हणावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मग तसं लिहायचं. आता वडील. फादर्स. किती होते?"

"एकच!"

"इथं अनेक दिसतायत. साहेब म्हणाले, भावाभावांचे वडील वेगळे असतील तर वारसाहक्काचा प्रश्न येतो."

"बाई, तो मान आहे. वडील म्हटल्यावर मान नको द्यायला?"

बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. त्यांचेही वडील असणारच. त्या जरा नरमाईने म्हणाल्या, "इंग्रजीत वडिलांना मान द्यायची सोय नाही हो. फार तर एफ मोठा काढा."

अर्ज घरी आला तेव्हा त्यावर लाल पेन्सिलीने दोन ओळी होत्या: 'पत्नी एक, पती दोन. वडील अनेक. खुलासा करावा.' थोरल्याचा विचार होता की कागद गुपचूप पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवावा. पण थोरलीने तो हातातून घेतला, चष्मा लावला आणि शांतपणे पूर्ण वाचला. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि नंतर जे ऐकू आलं ते भिंतीवर वाटी वाजवल्याचं.

"ऐकलंत का जाऊबाई? आपल्या दोघींतली एकच सरकारदरबारी मंजूर झालीय."

"कोणती?" पलीकडून धाकटी.

"ते ठरायचंय."

"तुम्हीच व्हा ताई. तुम्ही मोठ्या. मी सुटले!"

पुढचा आठवडा दोन्ही भावांना जड गेला. सोमवारी धाकटीने सकाळी भिंतीतून कळवलं, "आज अवर वाइफ तुमच्याकडे आहेत ना? मग स्वयंपाक दोन्हीकडचा तिथंच होऊ दे." मंगळवारी थोरलीने पदर खोचायच्या ऐवजी पेपर उघडला आणि सांगितलं, "आज पलीकडची पाळी." धाकट्याने डबा घेऊन चोपन्न खाली, चोपन्न वर, आणि पुन्हा उलट असा प्रवास दोन दिवस केला. बुधवारी तो थोरल्याला कचऱ्याच्या पिंपांपाशी भेटला आणि म्हणाला, "दादा, तुझ्या एका राहून गेलेल्या 'एस'पायी आपण दोघे उपाशी मरू." आई मात्र पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. गुडघे गेल्यापासून ती इतकी हसली नव्हती, असं धाकटी नंतर सांगायची.

अर्ज पुन्हा लिहायचा होता. थोरल्याचा आत्मविश्वास आता पहिल्यासारखा उरला नव्हता. त्या दिवसांत त्याने कारखान्यात 'टू नट्स'सुद्धा दोनदा वाचून मग सही केली. म्हणून तो तळमजल्यावरच्या टायपिस्टकाकांकडे गेला. काकांनी छत्तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलेलं. अर्थ कधी वाचला नव्हता, पण स्पेलिंग कधी चुकलं नव्हतं.

काकांनी अर्ज हातभर लांब धरून पाहिला आणि 'च् च्' केलं. "अरे, सोपं आहे. समज, पाच माणसं खोलीत आली आणि त्यांनी टोप्या काढल्या. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी किती?"

"एक."

"तरी इंग्रज काय म्हणतो? देअर हॅट्स. माणसं अनेक झाली की त्यांची वस्तूही अनेक होते. तेव्हा नियम लक्षात ठेव. 'अवर' दिसला की पुढे एस. डोळे मिटून!"

"पण काका, वडिलांना एस लावला म्हणूनच..."

काका क्षणभर अडखळले. पण छत्तीस वर्षांचा अनुभव असा वाया जात नाही. "वडील वारले ना? वारलेल्यांना एकवचन. एस जिवंतांना."

हा नियम थोरल्याला फार पटला असं नाही. पण तो इतक्या ठामपणे सांगितला गेला की शंका घेणं उद्धटपणाचं झालं असतं. काकांनी यंत्राला कागद लावला आणि जिवंतांना एस लावत लावत अर्ज टाइप केला. 'आम्ही दोघे भाऊ अवर वाइव्ज, अवर टू चिल्ड्रन आणि अवर मदर्स यांच्यासह राहतो.' शेवटच्या शब्दावर थोरल्याने बोट ठेवलं. पण आई जिवंत होती, नियम नियम होता, आणि कागद यंत्रातून बाहेर आला होता.

ह्या वेळी बोलावणं आठव्या दिवशीच आलं. साहेबांना प्रकरणात रस निर्माण झाला होता.

"बायकांचा प्रश्न सुटला," बाई म्हणाल्या. "म्हणजे प्रत्येकाची एक की प्रत्येकाच्या अनेक हे कळत नाही, पण साहेब म्हणाले, तो त्यांचा खासगी मामला. आता मुलं. टू चिल्ड्रन. दोघांची मिळून दोन, की प्रत्येकी दोन?"

"प्रत्येकी दोन. एकूण चार."

"तसं दिसत नाही." पेन्सिल पुढे सरकली. "आणि आई दोन?"

"एकच आहे."

"मग दुसरी कुठंय?"

"दुसरी नाहीच."

"मग अर्जात का आहे?"

थोरल्याने घसा साफ केला. "व्याकरणासाठी."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बघा, पहिल्या अर्जात वडील अनेक होते, आई नव्हतीच. आता वडील एक झाले तर आई दोन झाल्या. मी साहेबांना काय सांगू? तुम्ही असं करा, आई नाही म्हणून लिहून द्या."

"आई आहे हो!"

"दुसरी नाही म्हणून."

आई नाही असं स्वतःच्या हाताने लिहायचं, मग ती पहिली असो की दुसरी, हे काही थोरल्याच्याने होईना. त्याने पेन उघडलं, कागदावर ठेवलं, आणि परत मिटलं. "मला नाही जमणार, बाई," तो म्हणाला. "राहू दे ते दार."

तो वळला, तेव्हा बाईंनीच हाक मारली. "थांबा. लिहून देऊ नका. पाहणी लावते. निरीक्षक येऊन माणसं मोजून जाईल."

निरीक्षक रविवारी सकाळी आला. माणूस अंगाने भरलेला, काखेत जाड वही, आणि चेहऱ्यावर साध्या तळमजल्याच्या कामाला आल्याचा भाव. आधी तो धाकट्याच्या जिन्याने वर चढला. धाकटा, धाकटी, दोन मुलं. पलंगावर आई. सगळ्यांची नावं वहीत उतरवून तो उतरला, पिंपांना वळसा घालून थोरल्याकडे चढला. थोरला, थोरली, दोन मुली.

"आणि इथल्या आई?" त्याने दम खात विचारलं.

"आई एकच आहे. ती पलीकडे तुम्ही पाहिलीत ती."

तेवढ्यात भिंतीवर वाटी वाजली आणि आवाज आला, "अरे, त्यांना चहा दिलास का?"

निरीक्षक जागचा उठला. "ह्या कोण?"

"आई."

"तुम्ही तर म्हणालात इथं आई नाही."

"इथं नाही. तिथंच आहे. आवाज इथं येतो."

निरीक्षकाने आयुष्यात पुष्कळ बनवाबनवी पाहिली असावी. भिंतीत लपवलेल्या माणसांचीही त्याला माहिती असावी. तो काही न बोलता उतरला आणि धाकट्याकडे चढला. आई होती तिथंच बसली होती, हातात वाटी.

"मघाशी तुम्हीच बोललात?"

"हो. चहा दिला का नाही?"

"पुन्हा बोला बरं. मी पलीकडे जाऊन ऐकतो. मी पोचेपर्यंत बोलू नका हं."

"मी कुठे जाणारे?" आई म्हणाली.

तो उतरला, चढला. थोरल्याच्या स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून तो उभा राहिला. वाटी वाजली. "पोचलात का?" आईने विचारलं. त्याने वहीत बरोबरची खूण केली, खुर्चीवर बसला, थोरलीने दिलेला चहा घेतला आणि पुढचं पान उलटलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. आईची सही घ्यायची राहिली होती.

पाचव्यांदा वर आला तेव्हा तो धाकट्याच्या दारातच बसला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. धाकटीने पंखा लावला. आईने उशीखालची मलमाची नळी काढून त्याच्यापुढे धरली.

"गुडघ्याला चोळा. वरून खाली नाही, गोल गोल."

निरीक्षकाने निमूटपणे पँट वर सरकवली आणि गोल गोल चोळलं. सरकारी गुडघा आणि आईचा गुडघा पाच मिनिटं समोरासमोर होते.

"रोज असं जावं लागतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"मला कुठलं जमतंय आता? सात महिने झाले. थोरल्याचं घर दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. त्याच्याकडे नवा गॅस आला म्हणे, मी पेटवल्याचा आवाज ऐकलाय."

निरीक्षकाने वही मांडीवर ओढली. मुलं दोन की चार, बायका किती, यांतलं काहीच त्याने लिहिलं नाही. 'जागेवर आई एक आढळली. दार तातडीने आवश्यक,' एवढाच त्याचा इंग्रजीतला अहवाल. तो थोरल्याने नंतर चोरून वाचला. सव्वीस वर्षांत इतकं नेमकं इंग्रजी त्याच्या पाहण्यात आलं नव्हतं.

परवानगी आली. थोरल्याने पाकीट उभ्या उभ्या फोडलं, आणि बसून वाचलं. अर्जदारांना 'देअर डोअर्स' बांधण्यास मंजुरी देण्यात येत आहे.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीत हजर होता. "बाई, दार एकच हवंय."

"आदेशात डोअर्स आहे."

"भिंत एक आहे, बाई. दोन दारं कुठं लावू?"

"ते मला नका सांगू. एकच केलंत तर काम अपुरं राहिलं असं धरतील, पूर्णत्वाचा दाखला मिळणार नाही. बदलून हवं असेल तर नव्याने अर्ज करा."

थोरल्याने 'नव्याने अर्ज' हे शब्द ऐकले आणि आदेशाची घडी घालून खिशात ठेवली. "दोन करतो," तो म्हणाला.

"साहेबांची चूक नाही हो," बाई मागून म्हणाल्या. "ते म्हणाले, ह्या माणसांना सगळं अनेक लागतं."

तोड गवंड्याने काढली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्याचं डोकं शाबूत होतं. भोक एक पाडायचं, चौकट एक, आणि तिला दारं दोन: एक थोरल्याच्या अंगाला, एक धाकट्याच्या. दोन्ही आपापल्या घरात उघडणारी, दोघांनाही कड्या. तीन दिवस दोन्ही स्वयंपाकघरांत विटांची धूळ उडाली. टायपिस्टकाका देखरेखीला येऊन बसले आणि दार आत उघडावं की बाहेर याबद्दल, विचारलं नसताना, त्यांनी तीन वेगवेगळी मतं दिली. चौथ्या दिवशी पूर्णत्वाचा दाखला मिळाला. निरीक्षक आला होता, पण त्याने फक्त थोरल्याच्या जिन्याचा वापर केला. पलीकडे तो नव्या दारातून गेला, तिकडून परत आला, आणि उगाचच आणखी एकदा गेला.

त्याच दुपारी आई काठी टेकत दारातून थोरल्याकडे आली. सात पावलं लागली. घरात मागे थोरला एकटाच होता. थोरली आणि मुली धाकटीबरोबर बाजारात गेल्या होत्या. आईने नवा गॅस पाहिला, बटण फिरवून पेटवला, बंद केला. पडदे बदललेले पाहून 'हे कशाला' म्हणाली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, तेव्हा थोरल्याला वाटलं की आता ती काहीतरी मोठं बोलेल. इतकी धावपळ केली, इतकी शोभा करून घेतली, अख्ख्या रांगेसमोर बायकांचा हिशोब दिला. काहीतरी बोलायला हवंच होतं.

"तुझ्या ह्या पंख्याला तेल घाल रे," आई म्हणाली. "केवढा आवाज करतो. भिंतीपलीकडे मला वाटायचं, कोणाचं तरी यंत्र चालू आहे."

आणि काठी मांडीवर आडवी ठेवून ती झोपली.

थोरल्याने पंखा बंद केला. मग तिला उकडेल म्हणून टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं, चौघडी केली, आणि शेजारी स्टुलावर बसून वारा घालू लागला. कारखान्यातल्या कोणी पाहिलं असतं तर हेड स्टोअरकीपरची अब्रू गेली असती. पण ती सात महिन्यांत इतक्यांदा गेली होती, की आता त्याला तिची काळजी वाटेनाशी झाली होती.

पलीकडे बाहेरच्या दाराची कडी वाजली. धाकटा कामावरून येऊन सवयीने आधी पलंगाकडे गेला असणार, आणि पलंग रिकामा दिसला असणार. "दादा!" तो घाबरा होऊन ओरडला. "आई कुठंय? तुमच्याकडे आहे का?"

'आमच्याकडे आहे' या ज्या उत्तरासाठी थोरला सात महिने तरसला होता, ते आता जिभेच्या टोकावर होतं. त्याने आईकडे पाहिलं. तिचा श्वास संथ चालला होता.

"आपल्याकडे आहे," तो दाराकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला. "आणि ओरडू नकोस रे, आत्ताच डोळा लागलाय तिचा."